व्हिस्टाचे नाव आणि व्हिस्टाचे काम: नव्या ऑपरेटिंग सिस्टीमविषयी लोकमत कसे घडते?

धागाकर्ता:

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि गेली वीस-बावीस वर्षे दर चार-सहा वर्षांनी जे बोलणे मी ऐकत आलो आहे, तेच आमच्या कार्यालयात पुन्हा सुरू झाले. ‘टेन’ बरी होती, ‘इलेव्हन’ नको. २०१५ मध्ये हीच मंडळी ‘सेव्हन’ सोडायला तयार नव्हती आणि त्याआधी विंडोज एक्सपी काढू द्यायला तयार नव्हती. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल करतो. त्यामुळे प्रत्येक बदलाच्या वेळी लोकांना काय बोचते, हे मला जवळून पाहायला मिळाले आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे म्हणणे असे आहे की, नव्या प्रणालीविषयीचे लोकांचे मत तिच्या गुणदोषांवरून फार थोडे ठरते. ती पहिल्यांदा ज्या यंत्रावर भेटते त्या यंत्रावरून आणि त्या पहिल्या आठवड्यात जे काम अडते त्यावरून ते ठरते. आणि एकदा का ते नावाला चिकटले, की पुढे दोष दूर झाले तरी नाव काही धुऊन निघत नाही. यात लोकांची चूक आहे असे मात्र मी मानत नाही. ज्याच्या यंत्रातून पावती निघत नाही त्याने प्रणालीच्या अंतर्गत रचनेचे कौतुक करत बसावे, ही अपेक्षाच गैर आहे.

आज एक्सपीविषयी सगळेच हळवे होऊन बोलतात. परंतु २५ ऑक्टोबर २००१ रोजी ती बाजारात आली तेव्हा तिचे स्वागत इतके प्रेमाने झाले नव्हते. तिची निळी पट्टी आणि हिरवे बटण अनेकांना लहान मुलांच्या खेळण्यासारखे वाटले, आणि विंडोज २००० वापरणाऱ्या कितीतरी जणांनी पहिल्याच दिवशी तो साज उतरवून जुना करडा रंग परत लावला. प्रत्येक प्रत कंपनीकडे नोंदवून सक्रिय करून घ्यावी लागते, या नव्या अटीवरही भरपूर टीका झाली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला, तेव्हा इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवणारी खिडकी येई आणि हातातले काम टाकून यंत्र बंद होई. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ हा सुधारणांचा संच आला, बाहेरचा शिरकाव अडवणारी फायरवॉल मुळातच चालू राहू लागली, आणि त्यानंतर कुठे एक्सपी विश्वासाची झाली. आपण जिची आठवण काढतो ती एक्सपी तीन वर्षे डागडुजी होऊन, दरम्यान स्वस्त झालेल्या रॅमवर आरामात चालणारी एक्सपी आहे. पहिल्या दिवसाची एक्सपी आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षातही नाही.

एक्सपीनंतरची विंडोज म्हणजे व्हिस्टा; तिच्या वाट्याला अशी सबुरी आली नाही. ‘लाँगहॉर्न’ या नावाने तिचे काम सुरू होते, पण पसारा इतका वाढला की २००४ मध्ये ते बहुतांशी बाजूला ठेवून नव्याने मांडावे लागले. सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती ती पडली ३० जानेवारी २००७ रोजी, म्हणजे एक्सपीनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. एवढ्या काळात लोकांची बोटे एक्सपीवर बसली होती आणि प्रिंटर-स्कॅनर बनवणाऱ्यांनीही आपले ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची प्रणालीशी गाठ घालून देणारे कार्यक्रम, एक्सपीच्या मापाने शिवून ठेवले होते. व्हिस्टाने ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची घडणच बदलली. पुढे अमेरिकेतील एका खटल्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, त्यांतील २००७ मधील नोंदींनुसार व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदवलेल्या घटनांपैकी सुमारे २९ टक्के घटनांचे मूळ एनव्हिडिया या ग्राफिक्स-चिप बनवणाऱ्या एकट्या कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये होते. यंत्र बंद पडल्यावर ड्रायव्हर कोणाचा होता हे कोणी पाहत नाही. पडद्यावर नाव व्हिस्टाचे असते.

तो खटला ज्या चिकटपट्टीवरून झाला, तिची हकिकत तर फारच बोलकी आहे. व्हिस्टा येण्याआधीच्या काही महिन्यांत विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ अशी चिकटपट्टी लावली जात होती. त्यासाठी ५१२ एमबी रॅम पुरेशी धरली होती. ज्या पारदर्शक चौकटींची जाहिरात केली जात होती, त्या मात्र यांपैकी अनेक यंत्रांवर दिसणारच नव्हत्या, कारण इंटेलच्या ९१५ जातीच्या चिपसेटला ती नवी ग्राफिक्स घडण पेलणारी नव्हती. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांनी अंतर्गत पत्रात लिहिले होते की, २,१०० डॉलर मोजून घेतलेले आपले यंत्र आता केवळ ईमेलपुरते उरले आहे.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेले सांगतो. २००७ च्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेने एका विक्रेत्याकडून सहा यंत्रे घेतली. रॅम ५१२ एमबी. निदान १ जीबी घ्या असे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. फीच्या खिडकीवरचे यंत्र सकाळी सुरू केले, की डब्यावरचा हार्डडिस्कचा लाल दिवा लागायचा तो विझायचेच नाव घेत नसे. व्हिस्टा मोकळ्या रॅममध्ये नेहमीच्या वापरातील कार्यक्रम आधीच भरून ठेवते आणि फायलींची सूची तयार करत राहते. ऐसपैस रॅम असली तर हे सोयीचे ठरते, पण ५१२ एमबीत श्वास घ्यायलाही जागा उरत नव्हती. दाखले स्कॅन करण्याच्या यंत्राला नवा ड्रायव्हर मिळालाच नाही; निर्मात्याने ते मॉडेल जुने झाल्याचे कळवले. बाहेर पालकांची रांग पोर्चपर्यंत गेली होती आणि आत लिपिक बाई पांढुरक्या पडलेल्या खिडकीकडे पाहत बसल्या होत्या. चौथ्या दिवशी मुख्य लिपिक म्हणाले, “हे काढा आणि एक्सपी मारून द्या.” आमच्याकडे बिझनेस आवृत्ती होती आणि तिच्या परवान्यात एक्सपी प्रोफेशनल वापरण्याची मुभा होती, म्हणून ते रीतसर करता आले. त्या दिवसापासून आमच्या कार्यालयात व्हिस्टा हा शब्द नापास झाला तो कायमचा.

जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मोहावी’ नावाचा एक प्रयोग केला. व्हिस्टाविषयी वाईट मत असलेल्या, पण ती न वापरलेल्या शंभराहून अधिक लोकांना सॅन फ्रान्सिस्कोत बोलावून एक नवी, अजून बाजारात न आलेली प्रणाली म्हणून काहीतरी दाखवण्यात आले. आधी त्यांनी व्हिस्टाला दहापैकी सरासरी ४.४ गुण दिले होते. या ‘मोहावी’ला त्यांनी ८.५ दिले. ती व्हिस्टाच होती. पुढे २२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. तिचा अंतर्गत आवृत्ती-क्रमांक ६.१ होता आणि व्हिस्टाचा ६.०. तेव्हाचे ड्रायव्हर तयार होते, रॅम २ जीबी झाली होती, आणि नाव बदललेले होते.

आपल्या कामाच्या ठिकाणी हे कसे घडले ते आपण लिहावे, अशी विनंती आहे.

अक्षरजुळणी:

आपला लेख वाचताना माझ्या व्यवसायातली एक गोष्ट आठवली, कारण व्हिस्टाने मराठीत लिहिणाऱ्यांसाठी जे केले त्याचे श्रेय तिला कोणी दिले नाही. एक्सपीवर युनिकोड या जागतिक अक्षर-पद्धतीतले मराठी दिसण्यासाठी कंट्रोल पॅनलमधील प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन जोडाक्षरांच्या लिपींसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे, मग यंत्र एक्सपीची सीडी मागे, आणि ती सीडी बहुतेकांकडे नसे. ती खूण केली नसेल तर ‘शक्ती’तला ‘क’ पाय मोडलेला दिसे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. कित्येकांनी तेव्हा असा समज करून घेतला की, इंटरनेटवरचे मराठी असेच मोडके असते. व्हिस्टात ही सोय मुळातच चालू होती. यंत्र उघडले की देवनागरी सरळ दिसत असे. एवढी मोठी गोष्ट होऊनही तिची कुठे चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

परंतु आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याच्या धंद्यात मात्र व्हिस्टाला विरोधच झाला, आणि तो समजण्यासारखा होता. आमचे सगळे काम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत होते. ती सॉफ्टवेअरे विकत घेताना सोबत एक हार्डवेअर कुलूप मिळे. ते यंत्राच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय टंकलेखन सुरूच होत नसे. नवी प्रणाली म्हणजे त्या कुलपाचा नवा ड्रायव्हर, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, म्हणजे पुन्हा खर्च. दिवाळी अंकांची पाने लागलेली असताना कोण हे करील? माझ्या शेजारच्या छापखान्यात एक्सपीचे एक यंत्र अजूनही आहे, त्याला इंटरनेटची वायर लावलेली नाही आणि त्यावर फक्त जुने ग्रंथ उघडले जातात.

फॉन्टावरून आणखी एक. विंडोज १० पासून ‘मंगल’ हा फॉन्ट प्रत्येक यंत्रात आपोआप येत नाही, तो वेगळा जोडून घ्यावा लागतो. हे न पाहता मी एका संस्थेचा १८० पानांचा अहवाल नव्या यंत्रावर उघडला आणि ‘मंगल’च्या जागी दुसरा फॉन्ट येऊन सगळ्या ओळी सरकल्या, अनुक्रमणिकेचे पृष्ठांक चुकले. चूक माझी होती, फॉन्ट आधी तपासायला हवा होता. पण त्या रात्री मला नवी प्रणाली अजिबात आवडली नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

फळा आणि खडू:

अक्षरजुळणी ताईंनी फार महत्त्वाचे लिहिले आहे. मी एक लहानसे निरीक्षण जोडतो.

२००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आपल्याकडच्या एका पिढीने, विशेषतः सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून चाळिशी-पन्नाशीत संगणकासमोर पहिल्यांदा बसलेल्या कर्मचाऱ्यांनी, संगणक पायऱ्या पाठ करून शिकला. माझ्या वर्गातील एका ग्रामसेवकांची वही मला अजून आठवते. निळ्या शाईने क्रमांक घालून लिहिलेले होते: पहिले, डाव्या खालच्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ या शब्दावर टिचकी मारणे. व्हिस्टाच्या यंत्रासमोर ते बसले आणि वही उघडून पडद्यावर तो शब्द शोधू लागले. शब्द नव्हताच, तिथे फक्त चिन्ह असलेले एक गोल बटण होते. आपल्याला हे बटण म्हणजेच स्टार्ट, हे सांगावेही लागत नाही. त्यांची मात्र पहिलीच पायरी निखळली होती आणि पुढच्या अकरा पायऱ्या तिच्यावर उभ्या होत्या. विंडोज ८ मध्ये तर तेही बटण गेले.

नव्या रूपाला नावे ठेवणाऱ्याला आपण चटकन जुन्या वळणाचा म्हणतो. त्या माणसाने पन्नाशीत महिनाभर खपून जे कमावले होते ते त्याला न विचारता काढून घेतले गेले, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

रखवालदार:

सुरक्षेच्या बाजूने थोडे लिहितो, कारण व्हिस्टाची सर्वांत जास्त बदनामी ज्या गोष्टीने झाली ती गोष्ट मुळात योग्य होती.

एक्सपीवर जवळजवळ प्रत्येक जण दिवसभर प्रशासकाच्या अधिकाराने काम करत असे. घरात वावरताना तिजोरीची किल्ली कमरेला अडकवून फिरावे तसा तो प्रकार होता. म्हणून एखादी घातक फाईल उघडली, की तिलाही ते सगळे अधिकार मिळत. व्हिस्टाने ही किल्ली काढून घेतली आणि अधिकार लागेल तेव्हा पडदा अंधारून परवानगी विचारायला सुरुवात केली. अडचण अशी झाली की, त्या काळचे बहुतेक कार्यक्रम आपल्याला सगळे अधिकार आहेतच असे गृहीत धरून लिहिलेले होते. ते प्रणालीच्या राखीव कप्प्यांत वाटेल तिथे लिहीत. त्यामुळे प्रश्नामागून प्रश्न येऊ लागले, लोक न वाचता ‘हो’ म्हणू लागले, आणि कोणी तर ती सोयच बंद करून टाकली. कार्यक्रम लिहिणाऱ्यांना याचा धाक बसला, त्यांनी पुढच्या दोन-अडीच वर्षांत आपली घडण सुधारली, आणि विंडोज ७ आली तोवर प्रश्न आपोआप कमी झाले होते. शिवाय तिने नेहमीच्या सेटिंगमध्ये विचारण्याचे प्रमाणही उतरवले. नांगरणी व्हिस्टाने केली आणि पीक सेव्हनच्या नावावर जमा झाले.

जुन्याला चिकटून राहण्याची किंमत किती असते, याचेही भान हवे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावे लागले की, एक्सपीवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदला. आपण ज्या यंत्रातून पगार काढत होतो त्याची ही अवस्था होती.

धागाकर्त्यांच्या लेखात एका कारणाचा उल्लेख हवा होता असे मला वाटते, ते म्हणजे संमती. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली, ती चांगली होती आणि वर्षभर फुकट होती. तरीही तिच्याविषयी राग धुमसत राहिला. उजव्या कोपऱ्यात आमंत्रणाचे चिन्ह बसले ते हलेना. आणि २०१६ मध्ये तर त्या खिडकीचे रूप असे बदलण्यात आले की, वरच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळेचे अपडेट कायम राहत असे. जगभर फुलीचा अर्थ ‘नको’ असा आहे. कॅलिफोर्नियातील एका महिलेने आपले कामाचे यंत्र नको असलेल्या बदलाने निकामी झाल्याबद्दल दावा लावला आणि तिला १०,००० डॉलरची भरपाई मिळाली. मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ जाहीर झाले, पडद्याची चित्रे ठरावीक काळाने टिपून ठेवणारी ती सोय होती. त्यावर एवढा गदारोळ झाला की ती पुढे ढकलावी लागली आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच चालेल, अशा बेताने ती एप्रिल २०२५ मध्ये आली. हा गदारोळ केवळ रिकॉलचा नव्हता. २०१६ च्या त्या फुलीची आठवण त्यात होती.

मुक्तस्रोत:

वरचे सगळे प्रतिसाद एका कंपनीभोवती फिरत आहेत, त्यामुळे सगळा प्रश्न विक्रीचा आणि जाहिरातीचा आहे असा समज होऊ शकतो. जिथे कोणी काही विकत नाही तिथेही हेच घडते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

एप्रिल २०११ मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीसाठीचे ग्नोम ३ हे पडद्याचे रूप आले आणि त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने (तयार संचाने) ११.०४ या आवृत्तीत युनिटी हे आपले नवे रूप मुख्य केले. मेनू गेले, खालची पट्टी गेली, आणि लिनक्सवाल्यांच्या गटांत जो वाद पेटला तो वर्षभर शमला नाही. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः ग्नोम ३ वर जाहीरपणे कडक टीका केली आणि ते एक्सएफसीई या दुसऱ्या रूपाकडे वळले. विशेष म्हणजे ते मुळात ग्नोमकडे आले होते ते केडीई ४ या तिसऱ्या रूपाला कंटाळून. केडीई ४.० जानेवारी २००८ मध्ये आली, तेव्हा ती अजून सर्वसामान्यांसाठी तयार नाही असे तिचे निर्मातेच सांगत होते; पण काही वितरणांनी ती तशीच लोकांच्या हाती दिली, आणि नाव खराब झाले ते केडीईचे.

फरक एवढाच, की आमच्याकडे जुने रूप कायमचे हिरावून घेता येत नाही. ग्नोम २ ज्यांना हवे होते त्यांनी त्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) उचलून ‘माटे’ नावाने ते पुढे चालवले; मी ते आजही वापरतो. युनिटीचा डाव तर उबुंटूनेच २०१७ मध्ये आवरता घेतला आणि पुन्हा ग्नोम स्वीकारले. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की, तोवर युनिटीची सवय झालेले लोक तिच्यासाठी हळहळत होते.

उलटतपासणी:

लेख आवडला, परंतु दोन ठिकाणी माझे पटत नाही.

पहिले, मोहावीच्या प्रयोगाला आपण फार वजन दिले आहे. तो प्रयोग कंपनीने केला, आपल्या निवडीच्या, २ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर केला, आणि यंत्र प्रशिक्षित माणसाच्या हातात होते. आलेल्या लोकांनी आपला प्रिंटर जोडून पाहिला नाही, आपल्या फायली उतरवल्या नाहीत. सर्व्हिस पॅक १ येईपर्यंत व्हिस्टावर फायली उतरवताना उरलेला वेळ मोजण्यातच किती वेळ जाई, हे ज्याने भोगले आहे त्याला ८.५ गुणांचे काही वाटणार नाही. दहा मिनिटांच्या देखाव्याने लोकांचे मत खोटे ठरत नाही.

दुसरे, लोकमत आधी बिघडते आणि मग सुधारत नाही, असा आपला सूर आहे. पण पुष्कळदा लोकमत अगदी बरोबर असते आणि त्याच्यामुळेच प्रणाली सुधारते. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आली. माउस आणि कीबोर्ड घेऊन बसलेल्या माणसाला यंत्र बंद करायचे तर कर्सर कोपऱ्यात नेऊन लपलेली पट्टी बाहेर काढावी लागे, त्यात सेटिंग, त्यात पॉवर. हा बोटांनी वापरायच्या पडद्याचा विचार टेबलावरच्या यंत्रावर लादलेला होता. लोकांनी सरळ नाकारला. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ मधून बटण परत आले आणि विंडोज १० मध्ये मेनूही परत आला. कोणाचे गैरसमज तिथे नव्हते.

विंडोज ११ बद्दलही तेच म्हणेन. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१६ मध्ये घेतलेले, एसएसडी बसवलेले आणि आजही धडधाकट चालणारे यंत्र तिच्या लेखी बाद आहे. हे न पटणारा माणूस पहिल्या आठवड्याच्या अनुभवावरून बोलत नाही, त्याला तर ती अजून भेटलेलीही नाही. आपल्या कार्यालयात विंडोज १० ची किती यंत्रे अशी अडली आहेत, आणि त्यांचे आपण काय केले?

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. रखवालदार यांचा संमतीचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी लिहायला हवा होता. फळा आणि खडू यांनी सांगितलेली वही तर वाचून झाल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नाही.

उलटतपासणी, आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एकूण २२ यंत्रांपैकी नऊ यंत्रे अकराव्या आवृत्तीला पात्र नाहीत. त्यांतील चार वर्षभराच्या वाढीव सुरक्षा-अद्यतनांवर ठेवली आहेत, तीन वाचनालयात सूची पाहण्यासाठी लिनक्स घालून दिली आहेत, आणि दोन नेटवर्कबाहेर काढून केवळ जुन्या नोंदी उघडण्यासाठी राखली आहेत. विंडोज ८ विषयी आपण लिहिले ते मान्य आहे; तिथे लोकांना जे बोचले ते खरोखर टोचणारेच होते.

मोहावीविषयी आपला आक्षेप योग्य आहे, दुसऱ्याने चालवलेले यंत्र पाहणे आणि त्यावर स्वतः काम करणे यांत अंतर आहे. म्हणूनच मूळ लेखात न लिहिलेली एक घटना आता सांगतो. २००९ च्या सुरुवातीला त्या सहा यंत्रांपैकी एकाची हार्डडिस्क गेली. मी नवी बसवली, रॅम वाढवून २ जीबी केली, आणि स्वतःला पाहायचे होते म्हणून सर्व्हिस पॅक १ सह व्हिस्टा परत घातली. साज जुना करडा ठेवला आणि जुन्या धाटणीचा स्टार्ट मेनू लावला. व्हिस्टात तशी सोय होती, सेव्हनमध्ये ती राहिली नाही. तोवर आमच्याकडे नवा स्कॅनर आला होता आणि त्याचा ड्रायव्हर व्हिस्टाला चालत होता. यंत्र परत फीच्या खिडकीवर गेले, त्याच बाईंकडे. एक्सपी आहे असे मी त्यांना म्हटले नाही, व्हिस्टा आहे असेही सांगितले नाही. दुरुस्त झाले आहे एवढेच सांगितले.

दोन महिने त्यांनी त्यावर पावत्या काढल्या, दाखले स्कॅन केले, एकदाही तक्रार आली नाही. उलट हे यंत्र आता पूर्वीपेक्षा हलके चालते असे त्या एकदा म्हणाल्या. मग एके दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. त्या जुन्या धाटणीच्या मेनूच्या डाव्या कडेला प्रणालीचे नाव उभ्या अक्षरांत लिहिलेले असते, ते त्यांनी मान तिरकी करून वाचले होते.

“सर, ती तीच आहे का हो?” त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो, रॅम वाढवली आहे, ड्रायव्हर नवे आहेत, असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “काम चालते आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही,” त्या म्हणाल्या, “पण जूनमध्ये रांग लागेल, आणि मला त्या दिवशी तिच्यासमोर बसायला धीर होणार नाही.”

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे एक्सपी घालून दिली.